हॉजची कालवे : मांजराच्या मिजाशीचा थोडा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान ऐकायला येणारा श्रोता घरून निघतानाच मनाशी एखादी लढाई, एखादा तह, निदान एखादा पडका किल्ला धरून येतो, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले, "मांजराच्या खाण्यापिण्याला कसला आलाय इतिहास?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आम्ही तेथल्या तेथे देऊ शकलो नाही. घरी आल्यावर सुचले ते असे, की मांजराने काही दप्तर लिहून ठेवलेले नाही. दप्तर आहे ते त्याच्यापुढे बशी ठेवणाऱ्याचे, आणि कधी कधी त्या बशीसाठी बाजारात खेपा घालणाऱ्याचे. तेव्हा आज आपण पाहणार आहोत तो इतिहास खरोखर माणसांचाच आहे. मांजर त्यात मध्यभागी बसलेले आहे इतकेच.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना पुढचे दृश्य सांगायला नको. काल जी मासळी फस्त केली तीच आज पुढ्यात ठेवली, तर मांजर येते, हुंगते, बशीच्या कडेला पंजाने जमीन उकरल्यासारखे करते आणि शेपटी उभारून निघून जाते. वाढणारी माउली म्हणते, "लाडावून ठेवलंय मेल्याला!" आणि मग तीच उठून दुसरे काहीतरी काढते. मांजर तेही हुंगते. या प्रकाराला आपण मिजास म्हणतो, जिभेचे चोचले म्हणतो. मौज अशी, की आपल्या भाषेतल्या म्हणींत मांजरे पुष्कळ आहेत, पण चोखंदळ मांजर आम्हांला तरी आठवत नाही. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण ज्या घरात जन्मली त्या घरात दुधादह्याची मडकी आढ्याला टांगलेली असत आणि बोका खाली बसून दोर तुटण्याची वाट पाहत असे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर तेही चोरच. चोराला निवड करायला सवड नसते. मग निवड करणारे मांजर कागदोपत्री कोठे भेटते, आणि त्याविषयी लिहून ठेवणारा कोण, याचा शोध घेऊ लागले म्हणजे पाऊल लंडनकडे वळते.

इंग्रजी भाषेचा कोश १७५५ साली सिद्ध करणारे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचे नाव आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. देह अवाढव्य, स्वभाव फटकळ, दारिद्र्यातून वर आलेला माणूस. या जॉन्सनपाशी हॉज नावाचे मांजर होते आणि जॉन्सन त्याला कालवे खाऊ घालीत. एवढेच नव्हे, तर ती कालवे आणायला ते स्वतः बाजारात जात. जगातल्या लाडावलेल्या मांजरांची कोणी यादी केली तर हॉजचे नाव पहिल्या ओळीत येते ते या कालवांमुळे.

ही हकीकत आपल्याला दोन साक्षीदार सांगतात. एक जेम्स बॉस्वेल. त्याने लिहिलेले जॉन्सनचे चरित्र १७९१ साली निघाले. बॉस्वेल म्हणतो, की हे काम नोकरांवर पडले तर ते त्या बिचाऱ्या प्राण्याचा राग राग करू लागतील, म्हणून जॉन्सन स्वतः जात. दुसरी साक्ष मिसेस पिओझ्झी यांची. या पूर्वीच्या मिसेस थ्रेल. जॉन्सन कित्येक वर्षे त्यांच्या घरी घरच्यासारखे वावरले होते. त्यांचे आठवणींचे पुस्तक बॉस्वेलच्या आधी पाच वर्षे, म्हणजे १७८६ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे निराळे आहे. हॉज म्हातारा झाला होता, आजारी होता, आणि कालवांवाचून दुसरे काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हते. आणि जॉन्सन स्वतः जात त्याचे कारण हे, की एका चतुष्पादाच्या सोयीसाठी आपल्याला राबवले जाते असे फ्रान्सिसला वाटून त्याचे मन दुखावू नये.

हा फ्रान्सिस म्हणजे फ्रान्सिस बार्बर. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटात, उसाच्या मळ्यावर, गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णी मुलगा. मळ्याच्या मालकाने त्याला इंग्लंडात आणले, आणि १७५२ साली जॉन्सनची पत्नी वारल्यावर थोड्याच दिवसांत तो त्यांच्या घरी आला. तेव्हा त्याचे वय सुमारे दहा वर्षांचे होते. पुढे जॉन्सननी त्याला स्वखर्चाने शाळेत घातले, आणि १७८४ साली मरताना वर्षाला ७० पौंडांची तरतूद करून उरलेल्या मालमत्तेचा वारसही त्यालाच नेमले. लंडनच्या कित्येक प्रतिष्ठितांना हे रुचले नाही.

आता श्रोत्यांनी दोन साक्षी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. बॉस्वेलच्या हकीकतीत जॉन्सनना काळजी आहे ती मांजराची. नोकर हे नुसते 'नोकर' आहेत, त्यांना नाव नाही. पिओझ्झीबाईंच्या हकीकतीत काळजी आहे ती माणसाच्या अभिमानाची, आणि त्या माणसाला नाव आहे. बॉस्वेलच्या हकीकतीत मांजराच्या आजाराचा उल्लेखही नाही. तो आजार वगळला की काय उरते? एक धडधाकट, मिजासखोर मांजर आणि त्याच्या जिभेसाठी बाजार गाठणारा एक लहरी विद्वान. जगाने हीच आवृत्ती उचलली, कारण बॉस्वेलचा ग्रंथ अधिक वाचला गेला.

दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतील, हे आम्हांला मान्य आहे. पिओझ्झीबाईंच्या तपशिलांत चुका असतात अशी तक्रार बॉस्वेलने पुष्कळदा केलेली आहे, तीही अगदीच निराधार नाही. तरी या एका बाबतीत आमचा कौल बाईंकडे आहे. बॉस्वेल स्वतःच कबूल करतो, की त्याला मांजरांचा तिटकारा होता आणि हॉज खोलीत असला म्हणजे त्याचा जीव कासावीस होई. ज्याला मांजर समोर नको असते त्याला ते म्हातारे आहे की आजारी आहे, हे कोठून दिसणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आज कालव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या हॉटेलातली बर्फावर मांडलेली थाळी येते. जॉन्सनच्या लंडनमध्ये तसे नव्हते. कालवे हे तेथे गरिबाचे खाणे होते. पुढे १८३६-३७ साली डिकन्सने 'पिकविक पेपर्स' लिहिले, त्यातसुद्धा त्याचा सॅम वेलर कालवांची आणि दारिद्र्याची सांगड घालतो. समुद्रातली कालवांची वस्ती खरवडून निघाली आणि भाव चढले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा हॉजला कालवे मिळत होती याचा अर्थ त्याला मेजवानी मिळत होती असा नव्हे. आपल्या कोकणातल्या एखाद्या घरी म्हाताऱ्या मांजराला मऊशी मासळी निवडून घालावी, त्यातलाच तो प्रकार. जुन्या काळच्या ताटाला आजचा भाव लावला की असा घोटाळा होतो, आणि तो केवळ मांजरांच्याच इतिहासात होतो असे नाही.

मांजराला निवडून खाऊ घालण्याची हकीकत याच्याही फार मागे सापडते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात डिओडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार इजिप्तमध्ये गेला होता. तेथले लोक मांजरांना दुधात भाकरी कुस्करून घालतात, तोंडाने विशिष्ट आवाज काढून बोलावतात, किंवा नाईल नदीचे मासे कापून कच्चेच पुढ्यात ठेवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. दूधभाकरी आणि मासळी! दोन हजार वर्षांनी आपल्या ओसरीवर तेच चालू आहे. त्याच प्रवासात एका रोमन माणसाच्या हातून मांजर मेले म्हणून जमावाने त्याला ठार केलेले डिओडोरसने पाहिले. राजाने अधिकारी धाडले, रोमचे भय होते, तरी जमाव आवरला नाही. मात्र इजिप्तमधले मांजर नुसते लाडके नव्हते, ते देवतेच्या परिवारातले होते. देवापुढचा नैवेद्य देवाने खाल्ला नाही, म्हणून कोणी त्याला मिजासखोर म्हणत नाही. म्हणून इजिप्तचा आम्ही ओझरता उल्लेख करून लंडनला परततो.

लंडनला परत यायचे ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने लंडनच्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्या माणसांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून, एक प्रचंड ग्रंथ तयार केला. त्याचे पहिले खंड १८५१ साली निघाले. त्यात मांजरांचे मटण विकणाऱ्या फेरीवाल्यांवर एक प्रकरण आहे. मांजरांचे मटण म्हणजे मांजरांसाठी मटण, घाबरू नये. त्या काळी लंडनची सगळी वाहतूक घोड्यांवर चाले. म्हातारे, लंगडे, मेलेले घोडे विकत घेणारे खाटीकखाने होते. तेथे मांस हंड्यांतून उकडीत आणि फेरीवाले ते उचलून हातगाडीवरून किंवा टोपलीतून आपापल्या ठरलेल्या गल्ल्यांत विकीत. भाव रत्तलाला अडीच पेन्स. पण रत्तलभर घेणारे थोडे. बहुतेकांना अर्ध्या पेनीचे, पाव पेनीचे तुकडे लागत. ते लाकडी काडीला टोचून देत. लंडनमध्ये मांजरे किती, तर तीन लाखांवर, असा मेह्यूचा अंदाज आहे. राहत्या घरामागे एक असा त्याचा हिशेब.

या प्रकरणात फेरीवाल्यांच्या तक्रारी आहेत त्या वाचण्यासारख्या आहेत. एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायका हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक आणि तेच वाईट गिऱ्हाईक. घासाघीस करून भाव पाडतात, अर्धी पेनी देतात, अर्धी उधार ठेवतात आणि दोन दिवसांनी उधारी विसरतात. दुसरीकडे एक कृष्णवर्णी बाई होती. ती रोज सोळा पेन्सपर्यंतचे मांस घेई आणि घराच्या छपरावर चढून कौलांवरच्या मांजरांना फेकी. तिची हकीकत फेरीवाल्याने सांगितली आहे ती विक्षिप्तपणाचा मासला म्हणून. ती बाई कोण, लंडनला कशी आली, इतके पैसे कोठून आणी, हे मेह्यूनेही पुढे विचारलेले दिसत नाही. आम्हांला विचारावेसे वाटते, पण उत्तर द्यायला आता कोणी नाही.

येथे एक फरक पडला आहे तो पाहावा. शिंक्याखाली बसलेल्या बोक्याला मिळेल ते खावे लागे, हॉजला घरची माणसे आणून देत, आणि मेह्यूच्या लंडनमध्ये मांजराचे जेवण रोज दाराशी येऊ लागले. त्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून राहिले. उद्या मांजराने तोंड फिरवले तर अर्ध्या पेनीचे गिऱ्हाईक तुटणार. मांजराच्या आवडीनिवडीला बाजारभाव आला तो येथे.

पण त्याच शहरात, त्याच काळात, दुसऱ्या तऱ्हेचे मांजर नांदत होते आणि त्याचे दप्तर टपाल खात्याने जपून ठेवले आहे. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी कागदपत्रे कुरतडून उच्छाद मांडला, तेव्हा १८६८ साली तीन मांजरे नेमावीत असे ठरले. कचेरीच्या प्रमुखाने त्यांच्या खर्चासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले. वरिष्ठांनी मंजूर केला एक, तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. उरलेली मिळकत मांजरांनी उंदरांतून भागवावी आणि उंदीर कमी झाले नाहीत तर भत्त्यात कपात होईल, अशा आशयाचा शेरा त्या कागदावर आहे. सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. मांजरांनी काम चोख केले आणि १८७३ साली त्यांना सहा पेन्सांची बढती मिळाली. उपाशी मांजर चांगले शिकार करते ही समजूत या सगळ्यामागे होती, आणि ती आपल्याकडेही आहे. ती बरोबर नाही. पोट भरलेले मांजरही उंदराच्या मागे धावतेच. मारते आणि पुष्कळदा खात नाही.

टपाल खात्याच्या मांजरांचा हा सिलसिला शतकावर चालला. १९५३ साली तर पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, की मांजरांचा भत्ता शेवटचा कधी वाढवला? मंत्र्यांनीही गंभीर चेहऱ्याने उत्तर दिले. त्या सुमारास मुख्य कचेरीत टिब्स नावाचा बोका होता. १९५० ते १९६४ अशी चौदा वर्षे तो जगला आणि त्याच्या कारकिर्दीत इमारतीत उंदीर राहिला नाही. मात्र त्याचा मुक्काम तळघरातल्या उपाहारगृहात असे, आणि त्याचे वजन २३ रत्तल, म्हणजे साडेदहा किलोंच्या आसपास गेले होते. साधारण मांजराच्या दुपटीहून अधिक! कागदोपत्री नोकर, प्रत्यक्षात लाडका. मुख्य कचेरीतला शेवटचा मांजर-नोकर ब्लॅकी १९८४ साली वारला, आणि पद भरले गेले नाही.

नोकर मांजर आणि लाडके मांजर यांतला फरक किती भयंकर ठरू शकतो, हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि पहिल्याच आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे ४,००,००० कुत्री-मांजरे त्यांच्या धन्यांनी मारवून घेतली. बॉम्ब अजून पडायचे होते. सरकारचा हुकूमही नव्हता. खाऊ काय घालायचे आणि घर सोडून जावे लागले तर न्यायचे कोठे, या भीतीपोटी माणसे रांगा लावून उभी राहिली. पुढे १९४० साली अन्न वाया घालवणे हा गुन्हा ठरला. मांजराला दूध घालणे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा धान्याच्या मोठ्या कोठारांत उंदीर आवरणाऱ्या मांजरांसाठी, माणसांना न चालणाऱ्या दूधभुकटीचा शिधा मान्य झाला. घरातल्या उबेला बसणाऱ्या मांजराला तो नव्हता. (जाता जाता सांगतो, पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. पण ही गोष्ट आपल्या घरी सांगून पाहा, कोणी ऐकत नाही.)

युद्ध संपले आणि मांजराचे आयुष्य बदलले ते अमेरिकेत, एका अगदी साध्या गोष्टीने. जानेवारी १९४७ मध्ये मिशिगन राज्यातल्या एड्वर्ड लो या तरुणाकडे शेजारीण मांजराच्या पेटीसाठी वाळू मागायला आली. तिची नेहमीची वाळू थंडीत गोठली होती आणि राखेने मांजराचे पाय भरत. त्याने तिला शोषक माती दिली, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. तिला ती इतकी पसंत पडली, की लोने तीच पिशव्यांत भरून विकायला काढली आणि तो कोट्यधीश झाला. आता या मातीचा आणि खाण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की या मातीमुळे मांजराला घराबाहेर जाण्याचे कारण उरले नाही. चोवीस तास दाराआड राहणारे मांजर शक्य झाले. जे मांजर अंगणात दोन उंदीर, एक सरडा आणि शेजारच्यांची साय खाऊन येई, त्याने संध्याकाळी तुमची बशी नाकारली तरी तुमच्या लक्षात येत नसे. त्याची पसंती-नापसंती बाहेरच भागत होती. दार बंद झाल्यावर त्याचा प्रत्येक नकार आपल्या डोळ्यांदेखत होऊ लागला. मिजास वाढली की दिसू लागली, हे ठरवणे कठीण आहे. आमच्या मते दिसू लागली.

मग ती दिसल्यावर तिचा व्यापार होणे ओघानेच आले. मासळी डब्यांत भरण्याच्या कारखान्यांतून माणसांना नको असलेला भाग उरत असे, तो मांजरांच्या डब्यांत जाऊ लागला. १९६८ साली शिकागोजवळच्या हिन्सडेल गावी, बेवारशी जनावरांच्या आश्रमात, एक नारिंगी बोका सापडला. त्याच्या मरणाची घटका जवळ आली होती. प्राण्यांना जाहिरातीसाठी शिकवणाऱ्या एका गृहस्थाने त्याला विकत घेतले आणि त्याचे नाव पडले मॉरिस. 'नाइन लाइव्ज' या डब्यांच्या जाहिरातीत मॉरिस दूरदर्शनच्या पडद्यावर आला. त्याची भूमिका एकच : जगाला कंटाळलेला, प्रत्येक पदार्थाला नाक मुरडणारा, फक्त याच डब्यावर राजी होणारा बोका. तो १९७८ साली वारला तोवर अमेरिकेतल्या घराघरांत पोचला होता, आणि त्याच्या जागी दुसरा मॉरिस आला. ज्या बोक्याला आश्रमात मिळेल त्या तुकड्यावर जगावे लागले होते, त्याच्याकडूनच लाखो माणसे शिकली की खानदानी मांजर कसे वागते! मांजराचा नकार ही आता तक्रार राहिली नाही. ती धन्याची प्रतिष्ठा झाली.

पण एकाच डब्यावर मांजर राहिले तर काय होते, याची कथा यानंतरची आहे आणि ती हसण्यासारखी नाही. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य लागते. ते मांसात आणि मासळीत असते. पुष्कळ प्राणी ते आपल्या शरीरात बनवतात; मांजराला पुरेसे बनवता येत नाही. ते कमी पडले तर मांजर आंधळे होते, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्यानुसार डब्यांत काय किती असावे याची प्रमाणे ठरली. तरी मांजरे हृदय फुगून मरत होती. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ठरलेले प्रमाण पाळणाऱ्या डब्यांतूनही मांजराच्या अंगी पुरेसे टॉरिन लागत नव्हते. ते वाढवून दिल्यावर आजारी मांजरे सुधारली. कारखानदारांनी प्रमाण वाढवले आणि तो रोग विरळ झाला. म्हणजे जी शहाणी मांजरे निमूटपणे रोज तोच डबा खात होती, त्यांच्यावरच हा प्रसंग अधिक आला. बशी सोडून उंदराकडे जाणारे मांजर त्यातून सुटण्याचा संभव अधिक.

मांजराच्या अंगचे थोडे आणखी सांगतो. घरच्या मांजराचे मूळ उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया या कोरड्या प्रदेशांतल्या रानमांजरात आहे. ते पक्के मांसाहारी. उंदीर मारावा, गरम असतानाच खावा, आणि पुन्हा काही तासांनी दुसरा मारावा, हा त्याचा क्रम. एका उंदरात सुमारे तीस कॅलरी. दिवसाला आठ-दहा तरी लागणार. म्हणून मांजर थोडेथोडे, पुष्कळ वेळा खाते आणि थंड, शिळे अन्न सोडते. आपण दोन वेळचे भरगच्च ताट वाढतो आणि त्याने अर्धे टाकले की रागावतो. गोड तर त्याला कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखणारे जे द्रव्य असते त्याचा निम्मा भाग मांजरात निकामी झालेला आहे, हे फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवले; वाघाची आणि चित्त्याचीही तीच गत. मग वाळवंटाच्या कडेला जन्मलेल्या या प्राण्याला मासळीचे वेड कोठून लागले? त्याचे एक उत्तर २०२३ साली पुढे आले आहे. मांसाची रुची ओळखणारी मांजराची जीभ ज्या दोन द्रव्यांच्या मेळाला विशेष भुलते, ती दोन्ही कुपा-गेदरासारख्या टूना जातीच्या मासळीत भरपूर असतात. लहानपणी पहिल्या काही महिन्यांत जे तोंडाला लागले त्याकडे ओढ राहते, हेही आहे. एवढे सगळे वजा करून जी उरेल ती मिजास. ती उरत नाही असे आम्ही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. "दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल," हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. कुत्र्याच्या बाबतीत तो कदाचित निभावेल. लठ्ठ मांजर काही दिवस जेवले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. आणि म्हाताऱ्या मांजराने एकाएकी खाणे टाकले, तर चोचले म्हणण्यापूर्वी दात पाहावेत, हिरड्या पाहाव्यात, जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे.

हे कळल्यावर आम्ही पिओझ्झीबाईंचे ते पान पुन्हा काढून वाचले. म्हातारे, आजारी मांजर, आणि कालवांखेरीज काही न खाणारे. कालव मऊ असते, चावावे लागत नाही, ओले असते, आणि त्यात टॉरिन विपुल असते. जॉन्सनना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मांजराने खाल्ले म्हणून त्यांनी आणले.

लंडनच्या गॉफ स्क्वेअरमध्ये, जेथे बसून त्यांनी कोश रचला त्या घरासमोर, १९९७ पासून हॉजचा कांस्याचा पुतळा आहे. कोशावर बसलेला आणि पायाशी कालवांचे रिकामे शिंपले. खरे म्हणजे जॉन्सननी ते घर १७५९ साली सोडले आणि बॉस्वेल त्यांना प्रथम भेटला तो १७६३ साली. तेव्हा बॉस्वेलने पाहिलेला हॉज तो घर सोडल्यानंतरचा, दुसऱ्याच घरातला. पण बार्बर आला तो याच घरी, १७५२ साली, दहा वर्षांचा असताना. येणारे-जाणारे त्या शिंपल्यात नाणे ठेवून पुढे जातात.